अजगरासाठी टांगलेलं मीठ

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच आपलं जाळं स्वतःच्या हातानं कापलं, आणि तेही एका अजगरासाठी. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरात जाळं कापणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे जाळ्याला चुकून पाय लागला तरी माणूस खाली वाकून नमस्कार करतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, गावतलावाचं पाणी उतरलं होतं आणि माणसं रोज सकाळी जाळी काढायला जात होती. त्या दिवशी मामाजींच्या जाळ्यात मरळीऐवजी हे जनावर गुरफटलेलं निघालं. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. नायलॉनचा धागा अजगराच्या अंगात तीन ठिकाणी रुतला होता आणि जितकं ते वळवळत होतं तितका आणखी रुतत होता. काठावरचे दोघेतिघे काठ्या घेऊन पुढे आले. मामाजींनी त्यांना हातानंच थांबवलं, कमरेची सुरी काढली आणि जाळं कापायला घेतलं. एकेक फास सोडवत बसले असते तर जाळं वाचलं असतं, अजगर वाचला नसता.

मी त्या वेळी वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. सागाच्या, आवळ्याच्या, बांबूच्या रोपांना झारीनं पाणी घालायचं हे माझं काम. तलावावरून कोणीतरी सायकल मारत निरोप घेऊन आलं तसे आमचे रेंजर साहेब आणि मी बैलबंडी घेऊन गेलो. मी का? तर बाकीच्या मजुरांना एकदम आपापली कामं आठवली म्हणून.

साहेब पुण्याकडचे. वयानं तरुण, मनानं चांगले, पुस्तकं वाचून जंगलात आलेले. वाटेत त्यांनी विचारलं, "तुम्हाला भीती नाही ना वाटत?"

"वाटते साहेब," मी म्हटलं, "पण मी सांगून राह्यली काय कोणाले?"

अजगर नऊ-दहा फुटांचा होता. बंडीत ओल्या पोत्यावर त्याला ठेवलं तेव्हा मामाजी गुडघाभर चिखलात उभे होते, हातात कापलेलं जाळं.

"जाळं म्या कापलं, बाई," ते मला म्हणाले. "आता त्याले मरू देऊ नको." आणि लगेच पुढे, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पण तू पडली धानवाल्याची पोरगी. पान्यातल्या जनावराचं तुले काय समजन?"

हे त्यांचं नेहमीचं. माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं. जातीनं आम्हीही ढिवरच, पण दोन पिढ्यांपासून जाळं सुटलेलं आणि धानाची शेती लागलेली. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, दोन लेकरं झाली होती, बाजारात बसून मासळी विकत होते, तरी सासरी मी धानवाल्याचीच पोरगी. घरात जाळं विणायला काढलं की त्याचं दुसरं टोक ताणून धरायला सासूबाईंना नाहीतर नवऱ्याला हाक जायची, मला कधीच नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, धानवाल्यांच्या हाताला ताण समजत नाही. मला याचा राग यायचा. अजूनही लिहिताना थोडा येतोय.

म्हणून मी पण सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हटलं, "जित्ता आणून सोडीन, मामाजी. इथीच सोडीन."

रोपवाटिकेच्या कोपऱ्यात एक पिंजरा होता. कधीकाळी हरणाच्या पाडसासाठी बांधलेला, बैलबंडीपेक्षा थोडा मोठा. चारही बाजूंनी तारेची जाळी, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा. तालुक्याहून गुराढोरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले, त्यांनी जखमा धुतल्या, मलम लावलं आणि सांगितलं की थंडी लागू देऊ नका, अंग फार कोरडं पडू देऊ नका. जखमा भरल्या आणि त्यानं एकदा नीट कात टाकली, की मोकळा करा. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रोपांना पाणी घालणारी बाई ती, अजगराचंही बघेल, असा हिशेब असावा.

मार्गशीर्षातला गार वारा जाळीतून आरपार जात होता. मी विचार केला, यात काय मोठं? माहेरी आई दरवर्षी ढोली लिंपायची. ढोली म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी कणगी, धान ठेवायची. शेण आणि माती कालवून ती आतून-बाहेरून अशी लिंपायची की मुंगीलासुद्धा वाट मिळू नये. एक भोक राहिलं तर उंदीर शिरतो, ओल शिरते, वर्षाचं अन्न जातं. आईच्या हातची ढोली बघायला बायका यायच्या, आणि तो हात मला आला आहे असं मला वाटायचं. मी पिंजऱ्याला चारही बाजूंनी बांबूचे तट्टे बांधले आणि दोन दिवस खपून ते शेणामातीनं लिंपून काढले. तळाशी, कोपऱ्यात, पत्र्याखाली, कुठेही फट ठेवली नाही. दार तेवढं उघडायचं. आणि अंग कोरडं पडू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ झारीनं आत पाणी शिंपडलं. साहेब म्हणाले, वा, छान उबदार झालंय. मी पदरानं हात पुसत उभी राहिले, जशी काही ढोलीत वर्षाचं धान भरलं आहे.

आठवड्याच्या आत अजगर मान उभी धरून बसू लागला. आधी मला वाटलं तरतरी आली. मग बघितलं तर तोंड अर्धवट उघडं आणि श्वासाबरोबर बारीक शिट्टीसारखा आवाज. नाकपुडीशी फेसाचा बुडबुडा यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. पोटाखालच्या खवल्यांवर तांबूस डाग पडले होते. दार उघडलं की आतून बंद पडलेल्या विहिरीसारखा वास यायचा आणि पत्र्याच्या आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब टपकायचे.

डॉक्टर आले, आत वाकून बघितलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही याला थंडीपासून वाचवलं आणि कोंडून मारायला घेतलं. याच्या छातीत धरलंय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. धान श्वास घेत नाही, ही एवढीशी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. त्या दिवशी मी रोपांना पाणी घालताना रडले. भीती वाटली म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. कापलेलं जाळं मामाजींनी घरात आढ्याला टांगून ठेवलं होतं. नवऱ्यानं दुरुस्त करतो म्हटलं तर मामाजी म्हणाले, जनावर सुटल्यावर करू. रोज जेवताना ते जाळं माझ्या डोक्यावर असायचं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. मी रागारागानं सगळे तट्टे उपटून फेकले. पाणी शिंपडणं बंद केलं. पिंजरा पुन्हा उघडा. फेस कमी झाला, शिट्टी थांबली, डाग सुकले. पण पंधरा दिवसांत अजगराचे डोळे दुधाळ झाले, अंग निस्तेज पडलं. कात टाकायची वेळ आली होती. आणि त्या कोरड्या वाऱ्यात कात सुटेचना. पाठीवर कागदासारखे तुकडे सुटून फडफडत राहिले, बाकीची तशीच चिकटून बसली, जखमेभोवती तर घट्ट आवळून. डोळ्यांवरची जुनी पापुद्र्याची टोपीही तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले की असंच दोन-तीनदा झालं तर डोळे जातील, आणि आंधळ्या अजगराला तलावावर सोडून काय उपयोग? साहेब म्हणाले, पाहिजे तर नागपूरला पाठवू. चांगल्या मनानंच म्हणाले. मला मात्र ते एखाद्याची भाकरी ताटातून उचलल्यासारखं लागलं. कोंडलं तर छाती भरते, उघडं ठेवलं तर कातडं आवळतं. आगीतून फुफाट्यात, एवढंच माझं चाललं होतं.

मी साहेबांकडे एक महिना मागितला. पुढची कात येईपर्यंतचा. त्यांनी मान हलवली.

मामाजी तोपर्यंत एकदाही रोपवाटिकेत आले नव्हते. त्या रविवारी बाजारातून परत जाताना आले. पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली, उपटलेले तट्टे बघितले, लिंपण बघितलं, आणि बांधावर जाऊन बसले. मला वाटलं आता ऐकवतील. त्यांनी तंबाखू चोळली आणि विचारलं, "मरळ कशी नेते तू बजारात?"

"टोपल्यात. खाली ओलं पोतं, वर ओलं पोतं."

"मडकं गळ्यापावतर पान्यानं भरून, झाकण दाबून काऊन नाई नेत? पानी त जास्तच भेटन तिले."

"मरते ना मामाजी. गुदमरते."

"मासा असून?"

"मरळीले वर येऊन हवा घ्या लागते." हे मी बोलले आणि थांबले.

"अन् कोरड्या टोपल्यात उन्हात ठेवली त?"

 आठ वर्षं मी टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात चालत गेले होते. टोपल्याची वीण विरळ, हवा खालून-वरून खेळती, आणि ओल फक्त पोत्यात. मरळ दुपारपर्यंत जिवंत राहायची, गिऱ्हाइकापुढे उडी मारायची. मला सगळं येत होतं. फक्त अजगर म्हटल्यावर मी माहेरची ढोली लिंपायला बसले होते.

मामाजी उठले, धोतर झटकलं. "मंग? तुले त सारं मालूमच हाय," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कामाला लागले, आणि या वेळी पाणी घालण्याआधी हवा कुठून येते आणि कुठून जाते ते बघत बसले. उत्तरेकडून वारा येत होता, तिकडचा तट्टा पुन्हा बांधला, लिंपूनसुद्धा घेतला. बाकीच्या बाजूंना नुसते तट्टे, लिंपण नाही. पूर्वेला जमिनीलगत वीतभर फट ठेवली, पश्चिमेला पत्र्याखाली तेवढीच. आमच्या रांधणीच्या खोलीत धूर जायला छपराचं एखादं कवेलू उचलून ठेवतात, तसं. उदबत्ती लावून बघितली. धूर खालून आत गेला, हळूहळू वर चढला आणि पश्चिमेच्या फटीतून निघून गेला. झोत नाही, कोंडमाराही नाही. पत्र्यावर धानाच्या तणसाचा जाड थर टाकला म्हणजे रात्री पत्रा गार पडून थेंब गळणार नाहीत.

मग ओलीचं. घरी बुडाला चिरलेला एक मोठा रांजण होता. तो आणून आडवा ठेवला, कोब्यावर वाळू टाकून तिच्यात अर्धा पुरला, तोंड आतल्या बाजूला. त्याच्या पोटात ओली वाळू, वर पळसाची पानं, आणि बाहेरून पाठीवर ओलं पोतं. पाणी घालायचं ते फक्त त्या पोत्यावर, तेही सकाळी ऊन चढल्यावर. संध्याकाळी एक थेंब नाही. बाकी पिंजरा कोरडा, एका बाजूला ऊन, आणि पाण्याची पसरट टाकी मधोमध. ज्याला ओल हवी त्यानं रांजणात जावं, नको असेल त्यानं बाहेर पडावं. मरळीला टोपल्यात जागा बदलता येत नाही, अजगराला येते, एवढा फरक मी माझ्या डोक्यानं केला. तो मामाजींनी सांगितला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवते.

पण ओल किती आहे हे कळणार कसं? हात लावून अंदाज बांधायचा तर हाताचं काय, त्याला आज गार लागतं, उद्या नाही. मी मीठ वापरलं. पावसाळ्यात घरातलं खडेमीठ पाझरतं आणि उन्हाळ्यात खडखडीत असतं, हे कुठल्या बाईला माहीत नाही? पळसाच्या पानांचे दोन द्रोण लावले, दोन्हींत चिमूट-चिमूट खडेमीठ. एक रांजणाच्या तोंडाशी तारेला टांगला, दुसरा पलीकडच्या टोकाला जाळीला. रांजणातलं मीठ ओलसर पाहिजे, पलीकडचं कोरडं. दोन्ही ओली झाली तर फट वाढवायची. दोन्ही कोरडी पडली तर पोत्यावर अजून एक झारी. एका जुन्या वहीत रोज लिहायचे: आत ओलं, बाहेर कोरडं. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण तेवढ्याला पुरलं.

सोबतचे मजूर हसायचे. एकानं विचारलं, अजगराला भाजी अळणी लागते काय. मी म्हटलं, तुझ्या बायकोचीच लागते म्हणून तू इथं डबा न आणता आमच्या डब्यात हात घालतोस. 

साहेबही पहिल्यांदा हसले, पण गालातल्या गालात. नंतर ते नागपूरला गेले तेव्हा येताना एक यंत्र घेऊन आले. घड्याळासारखं गोल, हवेतली ओल दाखवणारं, एकच काटा. त्यांनी ते आधी रांजणाच्या तोंडाशी धरलं, काटा ओलीच्या बाजूला सरकला. थोडा वेळ थांबून पलीकडच्या टोकाला धरलं, काटा परत कोरड्याकडे आला. मग ते माझ्या द्रोणांजवळ गेले, दोन्हींतला एकेक खडा बोटांत चोळून बघितला.  पुढच्या महिन्याच्या सामानाच्या यादीत खत, पिशव्या आणि दोरीच्या खाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: खडेमीठ, एक पुडा. तेव्हा मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे नोकरी कायम झाली तेव्हाही झाला नाही.

महिना संपायला थोडेच दिवस राहिले आणि अजगराचे डोळे पुन्हा दुधाळ झाले. तो रांजणात शिरला आणि तिथेच राहिला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मी कामावर आल्यावर आधी त्याच्याकडे जायचे, मग रोपांकडे. पाचव्या दिवशी डोळे परत स्वच्छ दिसले, पण कात तशीच.  सहाव्या दिवशीही नाही. घरी जाळं तसंच आढ्याला होतं.

सातव्या दिवशी सकाळी पिंजऱ्याशी गेले तर अजगर रांजणाबाहेर कोरड्यात उन्हात पडला होता, आणि असा चमकत होता की मला आधी तो दुसराच वाटला. रांजणाच्या तोंडाला कात अडकली होती. मी ती हलक्या हातानं ओढली, आणि ती येत राहिली, येत राहिली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसलग, उलट्या काढलेल्या मोज्यासारखी. पहिलं काय केलं असेल तर डोक्याकडचा भाग उन्हात धरून बघितला. डोळ्यांच्या दोन्ही टोप्या तिच्यात होत्या. काचेसारख्या, अख्ख्या. मी तिथेच खाली बसले. साहेब ऑफिसातून धावत आले, त्यांना वाटलं मला काही चावलं.

कात घरी नेऊन देवाजवळ ठेवावी असं फार मनात होतं. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. त्यांनी तिची लांबी मोजली, नोंद केली आणि माझ्यासमोरच ती जाळली. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. पुढच्या आठवड्यात अजगरानं एक अख्खी कोंबडी गिळली. डॉक्टरांनी जखमांवरून हात फिरवला आणि म्हणाले, आता याला ठेवून घेतलंत तर तुमच्यावरच केस करावी लागेल.

फाल्गुनातल्या एका उबदार सकाळी त्याला पुन्हा बैलबंडीत घातलं, या वेळी ओल्या पोत्यात तोंड बांधून, आणि तलावाच्या मागच्या नाल्यावर नेलं. गावातली पाच-पंचवीस माणसं जमली होती. पहिल्या दिवशी काठ्या घेऊन धावलेलेही त्यांत होते. मामाजी सगळ्यांच्या मागे उभे होते. पोत्याचं तोंड मी सोडलं. अजगरानं जीभ काढून हवा घेतली, घाई केली नाही, आणि सिंदीच्या झुडपांखालून पाण्याच्या दिशेनं निघून गेला. शेपटी दिसेनाशी झाली तरी कोणी हललं नाही.

साहेब वहीत सगळं लिहून घेत होते. ती रचना, फटी, रांजण, मीठ. म्हणाले, दुसऱ्या रेंजमध्येही कळवायचं आहे. मग सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

मी तोंड उघडलं. मरळीची गोष्ट सांगणार होते, मामाजींचं नाव घेणार होते. ते खरंही होतं. पण मामाजी मागून पुढे आले आणि माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाले, "शिकवा नाई लागत, साहेब. ढिवराची पोरगी हाय ते."

त्यानंतर त्या पिंजऱ्यात कितीतरी जनावरं येऊन गेली. विहिरीत पडलेली घोरपड, नांगराखाली सापडलेलं कासव, आणखी दोन अजगर. प्रत्येकाची ओल वेगळी, प्रत्येकाची फट वेगळी. पुढे आलेल्या साहेबांनी काचेच्या पेट्या आणल्या, यंत्रं आणली, मी तीही शिकले. द्रोण मात्र टांगत राहिले. यंत्राची बॅटरी संपते, मिठाची संपत नाही.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. मामाजींनी काठीनं आढ्यावरचं जाळं खाली घेतलं, ओसरीत बसले, सुईत धागा भरला. सासूबाई तिथेच धान पाखडत होत्या, नवरा खाटेवर बसला होता. मामाजींनी कापलेली बाजू मांडीवर घेतली, दुसरं टोक उचललं आणि माझ्या पुढे केलं.

"धर, बाई," म्हणाले. "ताणून धर."

मी हात पुसले आणि धरलं.